दंड भरून झाल्यावर येणारे दावे: युरोपातील कार्टेल प्रकरणात कंपनीचा बचाव कशावर उभा राहतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका भारतीय कंपनीने युरोपातील एक उत्पादक कंपनी विकत घेतली. त्या कंपनीने खरेदीपूर्वीच्या काळात प्रतिस्पर्ध्यांशी किमतींबाबत संगनमत, म्हणजेच कार्टेल, केले होते. युरोपियन संघाची स्पर्धा नियामक यंत्रणा असलेल्या युरोपियन कमिशनने त्याबद्दल दंड ठोठावला आणि तो भरूनही झाला. आता तीन देशांतील जुन्या ग्राहकांच्या वकिलांकडून नुकसानभरपाईची मागणी करणारी पत्रे आली आहेत. कंपनीच्या मुंबईतील विधी विभागात काम करणाऱ्या प्रश्नकर्त्या विचारतात की एकाच गैरवर्तनाची शिक्षा दोनदा कशी होऊ शकते आणि कमिशनचा निर्णयच विरोधात असताना बचाव करायचा तो कशाचा. अशा दाव्यांत मी बरीच वर्षे प्रतिवादी कंपन्यांची बाजू मांडत आलो आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

'शिक्षा दोनदा' हा मुद्दा संचालक मंडळाच्या प्रत्येक बैठकीत निघतो, पण न्यायालयात तो टिकत नाही. दंड ही सार्वजनिक शिक्षा आहे. तिला जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांची कमाल मर्यादा असते आणि ती रक्कम युरोपियन संघाच्या अर्थसंकल्पात जमा होते. ज्याने चढ्या दराने माल घेतला त्या ग्राहकाच्या हाती त्यातले काहीच पडत नाही. त्याचा स्वतंत्र हक्क युरोपियन न्यायालयाने २००१ मध्ये करेज विरुद्ध क्रेहान या निकालात मान्य केला, २००६ च्या मानफ्रेदी निकालात तो अधिक स्पष्ट केला आणि २०१४ च्या नुकसानभरपाई निर्देशाने सर्व सदस्य देशांसाठी त्याची चौकट ठरवून दिली. या दाव्यांना उलाढालीची मर्यादा नाही आणि व्याजही नुकसान झाल्याच्या तारखेपासून मोजले जाते, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या खरेदीवर व्याज मुद्दलाच्या बरोबरीला येऊ शकते. मात्र याच निर्देशाच्या तिसऱ्या अनुच्छेदात बचावाचे मुख्य सूत्रही आहे. भरपाई पूर्ण असावी, पण प्रत्यक्ष नुकसानापेक्षा अधिक नसावी, असे तो सांगतो. म्हणून अशा खटल्यात प्रतिवादीने 'आम्ही केले नाही' हे सांगण्यात शक्ती घालवू नये. 'यामुळे कोणाचे, किती आणि कोणत्या काळात नुकसान झाले' या प्रश्नाचे प्रामाणिक आणि पुराव्यानिशी दिलेले उत्तर हाच त्याचा बचाव असतो.

कमिशनच्या निर्णयाशी विसंगत निकाल राष्ट्रीय न्यायालयाला देता येत नाही, असे युरोपियन संघाच्या २००३ च्या नियमावली क्र. १ चा सोळावा अनुच्छेद सांगतो. त्यामुळे उल्लंघन झाले होते की नाही हा वाद संपलेला असतो. तरीही मी नव्या सहकाऱ्यांना पहिले काम हेच देतो की निर्णय पुन्हा एकदा, या वेळी दाव्याच्या नजरेने वाचून काढा. उल्लंघन कोणत्या मालाबाबत, कोणत्या देशांत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या स्वरूपाचे होते हे त्यात नेमके लिहिलेले असते, आणि मागणीपत्रात हटकून त्याहून बरेच जास्त लिहिलेले असते. ट्रक उत्पादकांचे प्रकरण याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. १९ जुलै २०१६ च्या निर्णयात कमिशनने मान, व्होल्वो-रेनॉ, डाइमलर, इवेको आणि डाफ यांना १९९७ ते २०११ या काळातील संगनमतासाठी दोषी धरले आणि एकूण सुमारे २९३ कोटी युरोंचा दंड ठोठावला. मान कंपनीने माहिती आधी उघड केल्यामुळे तिला दंडातून पूर्ण माफी मिळाली. तडजोडीला नकार देणाऱ्या स्कॅनियाला २०१७ मध्ये वेगळ्या निर्णयाने सुमारे ८८ कोटी युरो दंड झाला आणि १ फेब्रुवारी २०२४ रोजी तिचे शेवटचे अपीलही फेटाळले गेले. संगनमत होते ते ६ टनांवरील ट्रकच्या घोषित ढोबळ (म्हणजे सवलत वजा करण्यापूर्वीच्या) किमतींबाबत, आणि नव्या उत्सर्जन निकषांचे तंत्रज्ञान केव्हा आणायचे व त्याचा खर्च ग्राहकांवर कसा टाकायचा याबाबत. स्पर्धेला बाधा आणण्याचा 'उद्देश' एवढ्यावरच उल्लंघन सिद्ध झाले होते. ग्राहकाने प्रत्यक्ष मोजलेली किंमत किती वाढली याची मोजदाद कमिशनला करावीच लागली नाही. खरा वाद सुरू होतो तो याच मोकळ्या जागेत.

कार्टेलमुळे नुकसान होते असे निर्देशाचा सतरावा अनुच्छेद गृहीत धरतो आणि ते खोडून काढण्याचा भार प्रतिवादीवर टाकतो. पण किती नुकसान झाले हे तो गृहीत धरत नाही. हंगेरीने आपल्या कायद्यात १० टक्क्यांचे आणि रोमानियाने २० टक्क्यांचे, पुराव्याने खोडता येणारे गृहीतक घातले आहे, बहुतेक देशांत मात्र आकडा सिद्धच करावा लागतो. या ठिकाणी कंपन्यांना एक मोह आवरत नाही. ढोबळ किंमत आणि प्रत्यक्ष व्यवहाराची किंमत यांचा काही संबंधच नव्हता, प्रत्येक ट्रकची किंमत वेगळ्या वाटाघाटीतून ठरत होती, म्हणून नुकसान शून्य, असा अहवाल अर्थतज्ज्ञाकडून लिहून घेतला जातो. ब्रिटनमध्ये रॉयल मेल ही टपाल कंपनी आणि बीटी ही दूरसंचार कंपनी यांनी डाफविरुद्ध लढलेल्या खटल्यात स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने ७ फेब्रुवारी २०२३ रोजी हा युक्तिवाद नाकारला. चौदा वर्षे वरिष्ठ अधिकारी परिणाम नसलेल्या गोष्टीसाठी भेटत राहिले हे न्यायाधीशांच्या गळी उतरवणे फार अवघड असते. वादींनी मागितलेले मोठे टक्केही मंजूर झाले नाहीत. न्यायाधिकरणाने ढोबळ अंदाजाने ५ टक्के जादा आकारणी ठरवली. स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये अनेक निकालांत ५ टक्क्यांचाच न्यायिक अंदाज कायम केला. माझे मत स्पष्ट आहे. शून्याचा हट्ट धरणारा प्रतिवादी आकड्याची सूत्रे स्वतःच्या हातातून सोडून देतो, आणि मग न्यायालय स्वतःच्या अंदाजाने आकडा ठरवते. दीड किंवा दोन टक्के हे विश्वासार्ह पद्धतीने, आकडा किती चुकू शकतो हे उघड सांगून मांडले, तर ते ऐकून घेतले जाते.

हा आकडा कसा काढतात हे जवळून पाहण्यासारखे आहे. सर्वसाधारणपणे संगनमताच्या काळातील आणि त्यानंतरच्या काळातील व्यवहारांच्या किमती प्रतिगमन विश्लेषणात घातल्या जातात. पोलादाचा भाव, मजुरी, विनिमय दर, मागणी आणि वाहनाची वैशिष्ट्ये यांचा प्रभाव वेगळा काढून उरणाऱ्या फरकाला जादा आकारणी म्हटले जाते. ऐकायला सरळ वाटते, पण तुलनेचा काळ कोणता घ्यायचा यावरच निम्मा खटला लढला जातो. ट्रकच्या बाबतीत संगनमत जानेवारी २०११ मध्ये संपले, म्हणजे जवळचा 'नंतरचा' काळ २००८-०९ च्या जागतिक मंदीनंतर लगेचचा. मंदीत किमती का पडल्या, मागणी कोसळल्यामुळे की संगनमत ढिले पडल्यामुळे, हे सूत्रात कसे मांडायचे यावर टक्का उणे होतो किंवा दुप्पट होतो. त्यातच युरो-५ वरून युरो-६ या उत्सर्जन निकषांवर जाताना गाडीच बदलली. नव्या इंजिनाची वाढीव किंमत म्हणजे खर्च की जादा आकारणी, याचे उत्तर अर्थतज्ज्ञाला एकट्याने देता येत नाही. त्यासाठी त्या काळचा उत्पादन अभियंता आणि किंमत विभागातला माणूस त्याच्या शेजारी बसवावा लागतो. वादींचे तज्ज्ञ सहसा 'संगनमत संपले तरी चढी किंमत काही काळ रेंगाळते' असे म्हणून पहिली एक-दोन वर्षे वगळतात. तो दावा मोघमपणे नाकारू नये. ती वर्षे घेऊन आणि वगळून, असे दोन्ही निकाल न्यायालयापुढे ठेवावेत.

एवढ्या विश्लेषणासाठी लागणारी माहिती असते कुठे, हा व्यवहारातला सर्वांत मोठा प्रश्न आहे. नव्वदच्या दशकातील ऑर्डरची नोंद जुन्या संगणकप्रणालीत असते. ती प्रणाली बदलताना सवलतीचे रकाने एकत्र केलेले असतात, आणि 'विशेष सूट' या एका संकेतांकाखाली विक्रेत्याला दिलेली मदत, जुने वाहन परत घेताना दिलेला चढा भाव आणि खरी किंमतकपात असे सगळे एकत्र सापडते. त्या संकेतांकाचा अर्थ सांगू शकणारा कर्मचारी निवृत्त झालेला असतो. म्हणून मागणीपत्र आल्या दिवशी कोणतीही नोंद नष्ट न करण्याचा लेखी आदेश काढावा, जुन्या प्रणालीची जशीच्या तशी प्रत घ्यावी आणि माहीतगार माणसांशी ती हयात असताना बोलून घ्यावे. नोंदी जपणे ही नुसती कायदेशीर खबरदारी नाही. युरोपियन न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्राफिकोस मान्युएल फेरेर या स्पेनमधील प्रकरणात जे सांगितले ते प्रतिवादीच्या फार उपयोगाचे आहे. डाइमलरने आपल्या तज्ज्ञाने वापरलेली आकडेवारी वादींना तपासायला खुली करून दिली होती. न्यायालयाने म्हटले की न्यायिक अंदाजाची सवलत देण्यापूर्वी न्यायाधीशाने अशा गोष्टी लक्षात घ्याव्यात, आणि नुकसान सिद्ध न होण्याचे कारण वादीची निष्क्रियता असेल तर त्याची उणीव न्यायालयाने भरून काढू नये. थोडक्यात, आकडेवारी लपवणाऱ्यापेक्षा ती शिस्तीने खुली करणाऱ्याची बाजू भक्कम होते. सुरुवातीला कोणत्याही वित्त विभागाला हे पटत नाही, पण माझा सल्ला हाच असतो.

दुसरा मोठा बचाव म्हणजे वादीने जादा आकारणीचा भार स्वतःच्या ग्राहकांवर ढकलला हे दाखवणे. निर्देशाच्या तेराव्या अनुच्छेदाने हा बचाव मान्य केला आहे, पण सिद्ध करण्याचा भार प्रतिवादीवर ठेवला आहे. त्यासाठी लागणारी कागदपत्रे वादीकडून मागण्याची मुभाही दिली आहे. हा बचाव कोठे चालतो हे मालावर अवलंबून असते. घाऊक व्यापारी ठरावीक टक्के नफा लावून तोच माल पुढे विकत असेल, तर भार जवळजवळ आपोआप पुढे गेलेला असतो. टपाल कंपनीने घेतलेल्या ट्रकची किंमत मात्र तिच्या एकूण खर्चात इतकी किरकोळ असते की टपाल दर ठरवताना तिचा विचार झाला हे दाखवणे कठीण जाते. रॉयल मेलच्या खटल्यात डाफचा हा बचाव बहुमताने फेटाळला गेला. शिवाय भार पुढे गेल्यामुळे विक्री घटली असेल तर तो तोटा वादीला मागता येतो, आणि शेवटच्या ग्राहकालाही दावा करता येतो. एकाविरुद्ध मांडलेला पुरावा दुसऱ्याच्या हाती आयता लागू नये, म्हणून सर्व देशांतील वकिलांनी हा मुद्दा एकाच आराखड्यावर मांडला पाहिजे.

आता तुमच्या प्रश्नातील खरेदीबद्दल. युरोपियन स्पर्धा कायदा कंपनीच्या नोंदणीकडे पाहत नाही. तो 'उपक्रम' म्हणजे संपूर्ण आर्थिक घटक पाहतो. फिनलंडमधील डांबर कार्टेलच्या स्कान्स्का प्रकरणात २०१९ मध्ये ठरले की उल्लंघन करणारी कंपनी विसर्जित करून तिचा व्यवसाय पुढे चालवणाऱ्या कंपनीला भरपाईची जबाबदारी टाळता येत नाही. सुमाल प्रकरणात २०२१ मध्ये ठरले की मूळ कंपनीच्या उल्लंघनासाठी उपकंपनीवरही दावा करता येतो, मात्र दोन्ही एकाच आर्थिक घटकाचा भाग असायला हव्यात आणि उपकंपनीचा व्यवसाय उल्लंघनाच्या विषयाशी प्रत्यक्ष जोडलेला असायला हवा. उलट दिशेची, म्हणजे उपकंपनीसाठी मूळ कंपनीवर येणारी, जबाबदारी एका भारतीय कंपनीने अनुभवलीच आहे. पेरिंडोप्रिल या रक्तदाबाच्या औषधाबाबत सर्व्हिए कंपनीशी केलेल्या पेटंट तडजोडींसाठी कमिशनने २०१४ मध्ये मुंबईच्या ल्युपिनला ४ कोटी युरो दंड केला. निश या कंपनीच्या तडजोडीसाठी तिच्यासोबत तिची मूळ कंपनी असलेल्या मुंबईच्याच युनिकेमलाही जबाबदार धरले. या कंपन्यांची अपिले जून २०२४ मध्ये फेटाळली गेली. तुमच्या बाबतीत विकत घेतलेली कंपनी स्वतः जबाबदार राहतेच. भारतीय मूळ कंपनीवर मात्र तिच्या ताब्यापूर्वीच्या काळाचा भार येत नाही, फक्त ताब्यानंतरही संगनमत चालू राहिलेले नसावे. म्हणून ताबा मिळाल्याची तारीख आणि उल्लंघन संपल्याची तारीख शेजारी शेजारी मांडून पाहा. खरेदी करारातील हमी आणि क्षतिपूर्तीचे कलमही आजच उघडा. त्यात विक्रेत्याला सूचना देण्याची मुदत बहुधा महिन्यांत मोजलेली असते, आणि ती उलटून गेली की चांगले कलमही निरुपयोगी होते.

दावा लावण्याची मुदत संपली या बचावावर फार भिस्त ठेवू नका. किमान पाच वर्षांची मुदत, चौकशी चालू असताना आणि निर्णय अंतिम झाल्यानंतर किमान एक वर्ष तिला मिळणारी स्थगिती, यांमुळे हे दावे दीर्घायुषी असतात. मुदत सुरू केव्हा होते हेही वादीच्या बाजूने ठरत गेले आहे. स्पेनमधील एका ट्रक खरेदीदाराने एप्रिल २०१८ मध्ये दावा लावला. जुलै २०१६ चे प्रसिद्धीपत्रक धरले असते तर तेव्हाच्या स्पॅनिश कायद्यातील एक वर्षाची मुदत केव्हाच संपली होती. युरोपियन न्यायालयाने जून २०२२ मध्ये सांगितले की प्रसिद्धीपत्रकात पुरेशी माहिती नसते. मुदत मोजायची ती अधिकृत राजपत्रात निर्णयाचा सारांश छापला गेला त्या दिवसापासून, म्हणजे ६ एप्रिल २०१७ पासून. ती तारीख निर्देश लागू करण्याच्या २७ डिसेंबर २०१६ या अखेरच्या तारखेनंतरची असल्याने पाच वर्षांची मुदत मिळाली आणि दावा जिवंत राहिला. अधिकारक्षेत्राचा मुद्दा तुलनेने अधिक फळतो. हंगेरीच्या मोल या तेल कंपनीने आपल्या वेगवेगळ्या देशांतील उपकंपन्यांच्या ट्रक खरेदीचा दावा स्वतःच्या मुख्यालयाच्या न्यायालयात आणला होता. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितले की मूळ कंपनीचे मुख्यालय म्हणजे नुकसानीचे ठिकाण नव्हे. तीन देशांतून पत्रे आली आहेत, तेव्हा प्रत्येक वादीने माल नेमका कोठे आणि कोणत्या कंपनीच्या नावाने घेतला हे बिलागणिक तपासा.

सर्व सहभागी कंपन्या संपूर्ण नुकसानीला संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार असतात. म्हणजे तुमच्याकडून एकही नग न घेतलेला ग्राहक पूर्ण रक्कम तुमच्याकडे मागू शकतो, आणि मग इतरांकडून त्यांचा वाटा वसूल करणे हा वेगळा खटला होतो. माफी मिळालेल्या कंपनीची जबाबदारी सहसा तिच्या स्वतःच्या ग्राहकांपुरती आणि पुरवठादारांपुरती असते, त्यामुळे उरलेल्यांवरील ओझे वाढते. समेटाचा विचार याच संदर्भात करायचा. निर्देशाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदानुसार एखाद्या सहभागीने वादीशी समेट केला की त्याचा संपूर्ण वाटा दाव्यातून वजा होतो, मग प्रत्यक्षात रक्कम कितीही कमी दिलेली असो. राहिलेल्या सहभागींना त्याच्याकडून वाटा वसूल करता येत नाही. म्हणून विश्लेषण तयार असलेल्या कंपनीने आपल्या मोठ्या आणि सध्याच्या ग्राहकांशी लवकर बोलावे, असे मला वाटते. जो ग्राहक आजही माल घेतो त्याच्याशी दहा वर्षे खटला खेळण्यात कोणाचेच हित नसते, आणि समेटाची रक्कम भावी पुरवठ्याच्या अटींतून देण्याचाही मार्ग असतो. अशा अटी लिहिताना मात्र त्या स्वतःच स्पर्धा कायद्याच्या कचाट्यात येणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते. तुमच्या जुन्या करारांत जर्मन ग्राहकांच्या खरेदी-अटी असतील तर त्याही काढून पाहा. संगनमत आढळल्यास बिलाच्या ठरावीक टक्के भरपाई द्यावी अशी कलमे त्यात असतात. रेल्वे रुळांच्या कार्टेल प्रकरणात जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०२१ मध्ये १५ टक्क्यांपर्यंतचे असे कलम वैध धरले. प्रत्यक्ष नुकसान त्याहून कमी होते हे सिद्ध करण्याचा मार्ग मात्र प्रतिवादीला खुला राहतो.

शेवटी कागदपत्रांबद्दल, कारण ही गोष्ट तुमच्या रोजच्या कामाशी निगडित आहे. माफीसाठी कमिशनला दिलेली निवेदने आणि तडजोडीची निवेदने वादीला कधीच मिळत नाहीत. पण त्या काळचे ई-मेल, बैठकीच्या नोंदी आणि किंमतपत्रके यांना तसे संरक्षण नाही. आपण आज काय लिहितो याचाही विचार हवा. अक्झो नोबेल प्रकरणात २०१० मध्ये युरोपियन न्यायालयाने स्पष्ट केले की कमिशनच्या चौकशीत कंपनीच्या नोकरीतील वकिलाशी झालेला पत्रव्यवहार गोपनीय मानला जात नाही. शिवाय हे संरक्षण युरोपियन आर्थिक क्षेत्रात वकिली करण्याचा अधिकार असलेल्या स्वतंत्र वकिलांपुरतेच आहे, त्यामुळे मुंबईतील नामवंत फर्मने दिलेला सल्लाही त्यात येत नाही. राष्ट्रीय न्यायालयांतील नियम देशागणिक वेगळे आहेत. संभाव्य जबाबदारीचा अंदाज, त्यासाठी हिशेबात बाजूला ठेवायच्या तरतुदीची रक्कम, जुन्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती आणि अर्थतज्ज्ञाचे प्राथमिक निकाल हे सर्व युरोपातील बाहेरच्या वकिलांच्या सूचनेवरून आणि त्यांच्याच नावे तयार व्हावे. लेखापरीक्षकांना तरतुदीचा आकडा द्यावा लागेल, तेव्हा त्यांना नेमका कोणता कागद द्यायचा हेही त्याच वकिलांशी आधी ठरवून घ्या, आणि तोपर्यंत विक्री विभागाने या दाव्यांविषयी एकमेकांना ई-मेल करू नयेत अशी सूचना आजच काढा.